हापशाचा खरा हिशोब मुलांना सांगा

या पानावर एरवी आपण हुमणी, खोडवा, माती परीक्षण असल्या विषयांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण तो सुचला मात्र शेतीशाळेतच. गेल्या गळीत हंगामात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, माझ्याकडच्या एका गावात पाचट व्यवस्थापनाची शेतीशाळा होती. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी गावाची आणि थोडी माझी स्वतःची चूक सांगायची आहे. शेतीशाळा जिल्हा परिषद शाळेशेजारच्या फडात होती. मधल्या सुट्टीत चौथीची पाच-सहा पोरे बांधावर येऊन उभी राहिली. एकीच्या हातात बिस्किटाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, त्यात चिल्लर आणि दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा.

"साहेब, हापसा दुरुस्त करायला किती लागतात?"

मी विचारले, कुठला हापसा? तर गायरानातला. गायरानात दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तिथला हापसा दोन वर्षांपासून बंद होता. कोप्यांवरची एक मुलगी हंगामापुरती यांच्या वर्गात बसते, ती रोज उशिरा यायची. गुरुजी विचारायचे तर खाली मान घालायची. एक दिवस मुलांनीच तिच्याकडून काढून घेतले. सकाळी आईबाप फडात गेले की लांबच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणायचे तिच्याकडे होते. विहिरीचा मालक मोटर चालू असली तरच पाणी घेऊ द्यायचा, आणि लाईट कधी येणार ते तुम्हा-आम्हाला कुठे ठाऊक असते!

शाळेत डिसेंबरात बालबाजार भरतो. मेथी, कोथिंबीर, बोरे, चिंचा, भेळ मुले विकतात आणि आपण आयाबापड्या कौतुकाने घेतो. पैसे संध्याकाळी आपापल्या घरी जातात. या वर्षी चौथीच्या मुलांनी घरी सांगितले की आमचे पैसे डब्यात राहतील. कुणी शिकवले नव्हते. गुरुजींनाही दुसऱ्या दिवशी कळले. डब्यात सहाशे चाळीस रुपये जमले होते.

आता माझी चूक. मी हसत हसत सांगून टाकले, "अरे, वॉशर गेला असेल. पाचशेत काम होईल. तुमचे तर उरतील." पोरे उड्या मारत गेली. शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, मीही डब्याला हात लावून उभा राहिलो.

चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. ओळखीच्या मिस्त्रीने हापसा खोलून पाहिला होता. चामड्याचे वॉशर गेले होतेच, पण खालचे तीन पाईप गंजून चाळणी झालेले, एक सळई तुटलेली. ओट्याला तडे जाऊन सांडलेले पाणी परत बोअरमध्ये मुरत होते. सगळे मिळून साडेचार हजार. आणि मुलांना हे कोण सांगणार? गुरुजी म्हणाले, "पाचशेचा आकडा तुम्ही सांगितलाय, तर हाही तुम्हीच सांगा."

त्या रात्री मला रायन आठवला. पदविकेला असताना त्याच्याविषयी वाचले होते. तेव्हा एक गोष्ट म्हणून वाचून सोडून दिले होते, आता नीट आठवून पाहिले.

रायन रेलजॅक हा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या केंप्टव्हिल या गावचा मुलगा, जन्म १९९१ चा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. (या केंप्टव्हिलमध्ये १९१७ साली कृषी शाळा निघाली होती आणि पुढे जवळपास शंभर वर्षे तिथे शेतीचे शिक्षण दिले जात होते. आपल्या जातकुळीचेच गाव म्हणायचे.) १९९८ च्या जानेवारीत रायन पहिलीत होता, वय सहा. बाईंनी वर्गात सांगितले की आफ्रिकेत तुमच्याएवढी मुले पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात, आणि ते पाणीही खराब असते. मदतीला काय काय लागते याची यादीही सांगितली. एका पेनीत एक पेन्सिल येते, सत्तर डॉलरमध्ये एक विहीर होते.

पोरगे घरी जाऊन आईवडिलांना म्हणाले, सत्तर डॉलर द्या. त्यांनी आधी मनावर घेतले नाही. तो मागे लागला तेव्हा म्हणाले, देणार नाही, पण कामे करून मिळव. रोजची कामे धरायची नाहीत, जास्तीची करायची. त्याने घर झाडले, खिडक्या पुसल्या. त्या हिवाळ्यात तिकडे मोठे बर्फाचे वादळ झाले होते, तर शेजाऱ्यांच्या आवारातल्या मोडलेल्या फांद्या उचलल्या. पैसे बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकत गेला. चार महिन्यांत सत्तर डॉलर झाले, त्या वेळच्या भावाने आपले साधारण दोन हजार रुपये.

आईबरोबर तो ते पैसे घेऊन ऑटावा शहरातल्या वॉटरकॅन नावाच्या संस्थेत गेला. तिथल्या बाईंनी त्याचे आभार मानले आणि मग खरे ते सांगितले. सत्तर डॉलरमध्ये फक्त हातपंप येतो. जमिनीत भोक पाडायचे, म्हणजे आपल्या भाषेत बोअर मारायचे, तर दोन हजार डॉलर लागतात. आपले पंचावन्न-छप्पन्न हजार.

मित्रहो, इथे जरा थांबा. सहा वर्षांच्या पोराने चार महिने खिडक्या पुसल्यावर त्याला सांगायचे की तुझा आकडा चुकला आहे! आपल्यापैकी किती जणांनी सांगितले असते? आपण म्हणालो असतो, वा बाळ, शाबास, झाली हो तुझी विहीर. वरचे पैसे कुठून तरी घातले असते किंवा नुसती पावती फाडली असती. त्या बाईंनी तसे केले नाही. आणि रायन रडला नाही. तर मग अजून कामे करीन, असे म्हणून घरी गेला.

पुढे मोठी माणसे आपापल्या जागी उभी राहिली, पण त्याचे काम कुणी काढून घेतले नाही. कॅनडा सरकारच्या परदेश मदतीच्या खात्याची एक योजना होती. लोकांनी एक डॉलर जमवला की खाते वर दोन घालायचे. त्यामुळे दोन हजारांपैकी लोकवर्गणीचे सातशेच्या आसपास भरले की भागत होते. गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली, शेजारीपाजारी देऊ लागले. विहीर एखाद्या शाळेजवळ व्हावी असे रायनचे म्हणणे होते, त्याप्रमाणे उत्तर युगांडातल्या अंगोलो प्राथमिक शाळेजवळची जागा धरली. १९९९ च्या जानेवारीत तिथे बोअर झाला. त्याच्या वर्गातली मुले अंगोलोच्या मुलांना पत्रे लिहू लागली. २००० च्या जुलैत रायन आईवडिलांबरोबर तिथे गेला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुले उभी होती. त्याने स्वतः हापसा मारून पाणी काढले. त्याचा तिथला पत्रमित्र, जिमी अकाना नावाचा पोरका मुलगा, पुढे कॅनडात येऊन याच घरात वाढला.

२००१ मध्ये रायनच्या नावाने संस्था निघाली. आजवर तिच्या मदतीने हजारावर पाण्याची कामे झाली आहेत. रायन शिकून मोठा झाला आणि पुढे संस्थेचा कार्यकारी संचालक झाला. हे सगळे मोठेच आहे, पण मला त्यातला एकच क्षण महत्त्वाचा वाटतो. सत्तर डॉलरचे दोन हजार झाले, तो. पोराला खरा आकडा सांगितला नसता तर गोष्ट एका हातपंपावर संपली असती, आणि भोकच नसलेला हातपंप काय कामाचा?

आता हापशाविषयीच दोन शब्द, कारण यात आपल्या मातीचा संबंध आहे आणि तो आपल्याच लोकांना माहीत नसतो. १९६७ च्या सुमारास बिहारात दुष्काळ पडला. त्या सुमारास कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रे देशात आली, गावोगाव हातपंप बसले. पण हे पंप होते बिडाचे, एका घराने वापरायचे. त्यावर अख्खे गाव दिवसभर लोंबकळले तर ते किती टिकणार? १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा बंद निघाला. त्याआधीच आपल्या जालन्यात मिशनच्या लोकांनी एक दणकट पंप तयार केला होता, त्याला जालना पंप म्हणत. त्यावर सुधारणा होऊन सोलापुरात सोलापूर पंप झाला. पोलादी अंग, दांड्याला साखळी, त्यामुळे सळई सरळ वर ओढली जाते आणि घासत नाही. याच सोलापूर पंपावरून युनिसेफ आणि आपल्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू हा पंप बनवला. तुमच्या चावडीसमोरचा हापसा बहुधा तोच आहे. आणि युगांडाने आपल्या देशासाठी जे प्रमाणित हातपंप ठरवले त्यांची नावे यू टू आणि यू थ्री, म्हणजे आपले मार्क टू आणि मार्क थ्रीच. सोलापूरचा हापसा आफ्रिकेत पोचला, आणि आमच्या गायरानातला दोन वर्षे बंद!

मार्क टू बंद पडला की वॉशर बदलायलासुद्धा सगळे पाईप वर ओढावे लागतात. दोघा-चौघांचे काम, घोडा-पान्हे लागतात. मार्क थ्रीत पाईप जमिनीत राहू देऊन आतला दट्ट्या वर काढता येतो. म्हणून गावात नवा बोअर होणार असेल तर हातपंप कुठला बसवताय हे जरूर विचारा. दुसरे म्हणजे, ओट्याला तडा गेला की घाण पाणी बोअरमध्ये उतरते. ओटा आणि सांडपाण्याची मोरी ही शोभेची वस्तू नव्हे, तिच्यावर पिण्याच्या पाण्याची शुद्धता अवलंबून असते.

मूळ मुद्द्यावर येतो. मुलांना आकडा सांगायला मी एवढा का कचरत होतो, त्याला माझ्या लहानपणीचे एक कारण आहे. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. प्रत्येकाने दहा रुपये आणायचे असे शाळेत सांगितले. आईने डाळीच्या डब्यातून पाच काढून दिले, बाकीच्या पाचासाठी शेजारी गेली. आणले नाहीत त्यांची नावे फळ्यावर लिहिली होती. माझे पैसे वहीत ठेवून मी मोठ्या ऐटीत दिले. ते पुढे कुठे गेले, कुणाला मिळाले, त्यातून तंबू आला की धान्य, कुणी कधी सांगितले नाही. गेलेच नसतील असे मी म्हणत नाही. पण सांगितले नाही. त्यानंतर शाळेत कुठल्याही निधीचा डबा आला की आम्ही पोरे बाकाखाली मान घालायचो. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे, म्हणजे ते किती खोल गेले असेल बघा.

तर दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुलांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी चुकीचं सांगितलं. न बघता सांगितलं. पाचशे नाही, साडेचार हजार लागणार." आणि फळ्यावर सगळे मांडले: पाईप किती, सळई किती, वॉशर किती, सिमेंट किती, मिस्त्रीची मजुरी किती. वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "सर, एका बाजाराचे सहाशे चाळीस, तर अजून सहाच बाजार भरवायचे की!" मुलांनी गुणाकार केला, सात बाजारांचे चार हजार चारशे ऐंशी. वीस रुपये कमी. एकाने ते वीस आजोबांकडून आणायचे कबूल केले.

हिशोब बरोबर होता. चूक एकच होती, ती कोप्यावरच्या त्या मुलीने दाखवली. ती म्हणाली, "तवर आमचा पट्टा पडंल." पट्टा पडणे म्हणजे हंगाम संपून टोळ्या माघारी जाणे. महिन्याला एक बाजार धरला तरी उन्हाळा येतो. पाणी लागणारी माणसे निघून गेल्यावर हापसा चालू होणार.

बंधूंनो, मुलांचे काम कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते, ते इथे कळते. २६ जानेवारीची ग्रामसभा आठ-दहा दिवसांवर होती. गुरुजींनी मुलांना विचारले, ग्रामसभेत जायचे का? गेली. डबा टेबलावर ठेवला आणि त्या गुणाकारवाल्या मुलीने फळ्यावरचा हिशोब कागदावर उतरवून वाचला. भाषण नाही, काही नाही. तीन पाईप, एक सळई, वॉशर, सिमेंट, मजुरी, आमच्याकडे सहाशे चाळीस, बाकी तीन हजार आठशे साठ.

सरपंच आधी हसले. मग म्हणाले, गायरानातला हापसा बाहेरच्या लोकांचा, गावाचा नाही. एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "ऊस तोडताना ती माणसं बाहेरची नसत्यात व्हय रं?" त्यावर कुणी बोलले नाही. ग्रामसेवकांनी (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) फाईल काढली. हातपंप दुरुस्तीसाठी पंचायत समितीचे पथक असते, पण ग्रामपंचायतीने वर्षाची देखभाल वर्गणी भरायची असते. ती दोन वर्षे भरलेली नव्हती. म्हणजे पैसा नव्हता म्हणून हापसा बंद नव्हता. कुणी मागितले नव्हते म्हणून बंद होता. खरे तर पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठीच बांधलेली होती. हे सरपंचांना माहीत होते, सदस्यांना माहीत होते. मला स्वतःलाही माहीत होते, आणि मी डब्याबरोबर फोटो काढून आलो होतो.

वर्गणी भरली गेली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पथक आले, पाईप बदलले. आता सहाशे चाळीसचे काय करायचे यावर चावडीत चांगली अर्धा तास चर्चा झाली. काहींचे म्हणणे, पोरांचे पैसे परत करा, गावाला शोभत नाही. मुले ऐकेनात. शेवटी ओट्याचे सिमेंट आणि वॉशरचा एक जादा जोड मुलांच्या पैशांतून घ्यायचे ठरले. पाचशे पंचावन्न रुपये झाले. ग्रामपंचायतीने रीतसर पावती फाडली, नाव लिहिले: इयत्ता चौथी. दुकानाची बिलेही जोडली. गुरुजींनी ती पावती वर्गात भिंतीवर चिकटवली आहे.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझी विनंती एवढीच, की अशी मुले तुमच्याकडे आली तर आधी हार-तुरे आणि फोटो बाजूला ठेवा. वस्तू प्रत्यक्ष खोलून बघा, मिस्त्रीला विचारा, आणि सगळा आकडा सांगा. नुसत्या वस्तूचा नको, बसवायचा आणि पुढची दोन वर्षे चालवायचा खर्चही सांगा. जमलेले पैसे वर्गातल्याच दोघा-तिघांनी गुरुजींसमोर मोजून वहीत लिहावेत. पावती मुलांच्या हातात द्या. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, कुणी किती दिले याची नावे फळ्यावर लिहू नका. ज्याच्या घरी पाच रुपये निघत नाहीत तो मुलगाही चिंचा गोळा करू शकतो. दारोदार वर्गणी मागत लहान पोरांना फिरवणेही मला पटत नाही. रायनने खिडक्या पुसल्या, आमच्या पोरांनी मेथी विकली. त्यात कुणाला लाजावे लागले नाही.

पालकांनाही एक सांगतो. आमच्या गावात दोन-तीन घरी कुरकुर झाली होती, की मेथी आमच्या रानातली, पैसे मात्र कोप्यांवर. त्यांनी पोरांना दटावलेही. त्यातले एक गृहस्थ मार्चमध्ये गायरानाकडून बैल घेऊन येताना हापशावर पाणी पाजत होते. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

मार्चअखेर पट्टा पडला आणि कोप्या मोडल्या. जाताना त्या मुलीने वर्गात सगळ्यांना गोडेशेव वाटली. हापशाला वापर महिना-सव्वा महिनाच मिळाला म्हणून कुणी नाक मुरडेल, पण टोळ्या पुढच्या हंगामात परत येणारच आहेत, आणि उन्हाळ्यात तिकडे चरायला जाणारी गुरे होतीच.

डब्यात पंच्याऐंशी रुपये उरले. चौथीची मुले पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली, डबा आताच्या चौथीकडे आला आहे. परवा त्या गावात गेलो तर पोरांनी फटकाजवळच गाठले. हापशाशेजारी गुरांसाठी सिमेंटचा हौद बांधायचा तर किती लागतील, असे विचारत होती. या वेळी मी आकडा सांगितला नाही. गवंड्याला घेऊन येत्या सोमवारी येतो म्हटले आहे, टेप त्याच्याकडे आहे.